कोणी पाठवलं, हे आधी विचारते मी

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका पोरीचा प्रश्न आलाय. घरची ख्रिस्ती, गाव दारव्ह्याकडचं. ती म्हणते, हॉस्टेलवरच्या मैत्रिणी सांगतात की गर्भपात कायदेशीर आहे, बाईचा निर्णय आहे, तुम्ही चर्चवाले उगाच अमेरिकेचं भांडण इथं आणता. तिला स्वतःला गर्भपात चुकीचा वाटतो पण उत्तर सुचत नाही, आणि उद्या ड्युटीवर खरीच कोणी समोर येऊन उभी राहिली तर काय बोलायचं तेही कळत नाही.

जय ख्रिस्त बेटा. माझं ट्रेनिंग मिशन दवाखान्यात झालं, मग एकतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स म्हणून उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, आता रिटायर आहे पण अजूनही महिन्या-पंधरा दिवसांत एखादी पोट्टी दारात येतेच, दिवेलागणीला, डोक्यावरून पदर घेऊन. माझं मत मी लपवत नाही. पोटातलं लेकरू हे लेकरूच आहे, देवाचं दिलेलं आहे, ते पाडायच्या कामात मी हात लावला नाही आणि लावणार नाही. पण मैत्रिणींना द्यायचं उत्तर वेगळं आणि दारातल्या पोट्टीला द्यायचं वेगळं, ही दोन्ही मी वीसेक वर्षं एकच समजत होते आणि त्याचं काय झालं ते पुढं सांगते. मैत्रिणींचं आधी घेऊ, ते सोपं आहे.

कायद्याबद्दल त्या खरं बोलतात, तिथं भांडू नको. एमटीपी, म्हणजे गर्भपाताचा कायदा १९७१ चा, १ एप्रिल १९७२ पासून लागू. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक बायांसाठी, म्हणजे बलात्कार झालेली, अल्पवयीन, मधेच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग वगैरे. २४ च्या पुढं बाळात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड बसवून, नाहीतर मायचा जीव वाचवायला लागतच असेल तर. सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बिनलग्नाच्या बाईलाही २४ पर्यंत तोच हक्क आहे. बाई अठराच्या वर असेल तर सही फक्त तिची, नवऱ्याची सही कायद्यात कुठंच नाही, तरी आपल्याकडे मागतातच. हे सगळं तोंडपाठ असू दे. आपल्यातले काही लोक पोरींना सरळ सांगतात की गर्भपात म्हणजे जेल, हे खोटं आहे आणि ख्रिस्ती माणसानं खोटं बोलून लेकरू वाचवायला जाऊ नये. भिंतीवरचे "लिंगनिदान गुन्हा आहे" चे बोर्ड वाचून वाचून अर्ध्या गावाला तसंही वाटतंच की सगळंच बेकायदा आहे, मग ती सरकारी दवाखान्याऐवजी मेडिकलवाल्याकडे जाते आणि तिथं तिला विचारणारं कोणी नसतं.

अमेरिकेचं म्हणशील तर त्यांचा गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल जानेवारी १९७३ चा, तो २४ जून २०२२ ला डॉब्सच्या केसमध्ये मोडला आणि प्रश्न एकेका राज्याकडे गेला. आपला कायदा त्यांच्या आधीचा आहे! शांतिलाल शाह कमिटी १९६४ ला बसली, रिपोर्ट १९६६ ला आला, बाया लपूनछपून पाडायला जाऊन मरत होत्या हे त्यामागचं मोठं कारण. ते कारण खोटं नव्हतं, आमच्या जुन्या दायांच्या तोंडून त्या काळच्या ज्या गोष्टी मी ऐकल्यात त्या इथं लिहीत पण नाही. म्हणजे हे भांडण कोणी विमानातून आणलेलं नाही. आणि ख्रिस्ती लोकांचा विरोध तर अमेरिका नकाशावर यायच्या कितीतरी आधीचा, डिडाखे म्हणून पहिल्या शतकांतलं लिखाण आहे, बारा प्रेषितांची शिकवण म्हणतात त्याला, त्यात गर्भ पाडू नको आणि जन्मलेलं मूल मारू नको ही दोन्ही वाक्यं जोडून आलीत. रोमी राज्यात नको असलेलं मूल उघड्यावर टाकून द्यायची पद्धत होती तेव्हाची ही गोष्ट.

बायबलमधून बोलायचं तर जपून बोल. "गर्भपात करू नको" असं सरळ वचन पवित्र शास्त्रात नाही, आणि एखादी हुशार मैत्रीण हे तुला दाखवून देईल. निर्गम २१ मधला तो मारामारीत गरोदर बाईला धक्का लागल्याचा उतारा वादात वापरू नको, तिथं बाळ मेलेलं पडलं की वेळेआधी जन्मलं यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. माझा पाया स्तोत्र १३९ आणि यिर्मयाचा पहिला अध्याय, देव पोटातल्याला ओळखतो, घडवतो. आणि त्याहून जास्त लूक. मरीया अलीशिबेला भेटायला जाते आणि अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. पोटातल्या योहानाला आणि नंतर गोठ्यातल्या येशूला लूकनं मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द वापरलाय, ब्रेफॉस. लूक वैद्य होता म्हणतात, आपल्याच लाईनचा माणूस. कोणी म्हणेल की उत्पत्तीत देवानं नाकात श्वास फुंकला तेव्हा माणूस झाला, म्हणजे श्वासाआधी काही नाही. पण आदाम काही नऊ महिने कोणाच्या पोटात नव्हता, ती तुलना जुळत नाही.

ज्यांना बायबलशी घेणंदेणं नाही त्यांना मी वावरातलं सांगते. सरकी टोबली, मातीवर अजून काही दिसत नाही, तरी कास्तकार त्या तासात डवरा घालत नाही आणि कोणी घातला तर तो म्हणतो माझं पीक गेलं, माझी माती हालली असं म्हणत नाही. मैत्रीण लगेच म्हणेल की बाई म्हणजे वावर नाही. खरं आहे. ती अगदी बरोबर बोलली, आणि इथंच आपलं खरं बोलणं सुरू होतं, कारण आपल्याकडे बाईला वावर समजणारे लोकच तिला पाडायला पाठवतात.

"बाईचा निर्णय" हा शब्द मी पण मानायला तयार आहे, पण मला तो दिसला कुठं? माझ्या टेबलासमोर बसलेल्या बायांना मी पुढं पुढं एकच गोष्ट आधी विचारायला लागले, तुला कोणी पाठवलं? उत्तरं ऐक. "सासूनं म्हटलं जाऊन ये, म्हून आली." "हे म्हणते दोन झाले तं बस." "भाऊ बाहेर उभा हाय जी, तो म्हणते आज झालंच पाह्यजे." एक तर कापूस वेचणीला परगावाहून आलेली, मुकादमानं पैसे देऊन पाठवलेली, तिला स्वतःला मोबाईलवर नाव टाईप करता येत नव्हतं. स्वतःहून, स्वतःच्या मनानं, विचार करून आलेल्या बाया पण पाहिल्या, नाही असं नाही, शिकलेल्या होत्या, एकदोघी मास्तरीण होत्या. त्यांच्याशी माझं मत जुळलं नाही पण त्यांना मी खोटं पाडत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत निर्णय हा शब्द फार मोठा होतो.

आता माझी चूक. पंधरासोळा वर्षं झाली असतील. एकोणीस वर्षांची पोट्टी, लग्न नाही, तीन महिने होत आले होते, एकटीच आली. मी तेव्हा जोशात होते. माझ्याकडे एक प्लास्टिकचं बाळ होतं, बारा आठवड्यांचं, तळहातावर मावणारं, मीटिंगमध्ये मिळालेलं. ते तिच्या हातावर ठेवलं आणि तिथल्या तिथं स्तोत्र १३९ वाचून दाखवलं. ती रडली, हो म्हणाली, नाही पाडत म्हणाली, आणि मी खूश. बुधवारच्या प्रार्थनेला साक्ष पण दिली की देवानं एक जीव वाचवला. आठ दिवसांनी रात्री काळीपिवळी दारात, तिच्या भावानं तालुक्याच्या मेडिकलमधून गोळ्या आणलेल्या, घरीच खाऊ घातल्या, पोट्टी पांढरीफटक पडलेली आणि खालची सतरंजी भिजलेली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली, रक्ताच्या पिशव्या लागल्या, वाचली. तिची माय व्हरांड्यात मला म्हणाली, ओरडली पण नाही, नुसतं म्हणाली, "तुमी तिले एवढं भेव घातलं, मंग ते रातच्या टायमाले तुमच्याकडे कशी येईन?" भावानं गोळ्या आणल्या तेव्हा ती माझ्याकडे पळून येऊ शकत होती, माझं घर तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. ती आली नाही. त्या बुधवारच्या साक्षीची मला अजून लाज वाटते. ते प्लास्टिकचं बाळ कुठं गेलं माहीत नाही, मी शोधलं पण नाही.

त्या दिवसापासून वचन मी मनात म्हणते, तोंडानं प्रश्न विचारते. किती दिवस झाले, शेवटची पाळी कधी, कोणाला माहीत आहे, घरी मारतील का, तो पोरगा कुठं आहे, खायला आहे का. गोळ्यांचं स्पष्ट सांगते, कारण न सांगून लेकरू वाचत नाही, फक्त माय मरते: ती गर्भपाताच्या मिफे-मिसो गोळ्यांची जोडी ९ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि गर्भ नळीत असेल तर गोळीनं काहीच होत नाही, नळी फुटते आणि पोटात रक्त साचतं, म्हणून आधी तपासणी. असं सांगितल्यानं मी गर्भपाताची बाजू घेते असं आमच्या चर्चमधल्या एका भाऊंना वाटलं होतं. वाटू दे.

मग दुसरा रस्ता सांगते, आणि तो रस्ता खरंच असावा लागतो, नुसता भाषणात असून उपयोग नाही. बाळ ठेवायचं नसेल तर जन्मानंतर बालकल्याण समितीपुढं कायदेशीर देता येतं, नाव गुप्त राहतं, आणि सही केल्यावर विचार बदलायला ६० दिवस मिळतात, हे साठ दिवसांचं कित्येक नर्सेसना पण माहीत नसतं. ठेवायचं असेल तर बापाच्या नावावाचून जन्माचा दाखला निघतो, सुप्रीम कोर्टानं २०१५ ला सांगितलंय, ग्रामसेवक नाही म्हणाला तर निकालाचं नाव घे. बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, कागदं लई लागतात आणि पैसे लेट येतात, ते पण सांग. आणि पोट दिसायला लागल्यावरचे चार महिने ती कुठं राहणार, हा सगळ्यात मोठा प्रश्न, याचं उत्तर सरकारच्या कोणत्याच फॉर्ममध्ये नसतं. माझ्या घरची मागची खोली आतापर्यंत तिघींनी वापरली. शेजारच्यांना सांगायचं नात्यातली आहे, परीक्षा द्यायला आली. परीक्षा म्हणजे एका अर्थानं खोटं नव्हतं.

हे काही माझं डोकं नाही. १८६३ ला पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की घेऊन जायचं ते तिनं ठरवावं, आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. फुले ख्रिस्ती नव्हते. पण पोटातलं लेकरू वाचवायचं तर आधी मायला खोली द्या, हे त्यांना जसं कळलं तसं आमच्या चर्चच्या किती मंडळ्यांना कळलं? पंडिता रमाबाईंना कळलं होतं, केडगावला त्यांनी समाजानं टाकलेल्या बायांसाठी कृपासदन काढलं. आपण दोघांच्या जयंत्या करतो.

चर्चवर मी रागावते त्याचं कारण हेच. स्त्रीभ्रूणहत्येवर उपदेश झाला की सगळे माना डोलावतात, कारण ते सरकार पण म्हणते, टीव्ही पण म्हणते. राज्यात ०-६ वयाच्या हजार मुलांमागं मुली २००१ ला ९१३ होत्या त्या २०११ ला ८९४ झाल्या, हे मी स्वतः महिला मंडळात किती वेळा सांगितलंय. पण मुलगीच आहे म्हणून पाडू नका आणि बिनलग्नाची आहे म्हणून तिला मंडळीतून काढा, ही दोन वाक्यं एकाच तोंडातून कशी निघतात? तिसऱ्या मुलीला पोटात वाचवलं आणि हीच मुलगी अठरा वर्षांनी पोट घेऊन आली तर तिला शेवटच्या बाकावर बसवतात, आणि पोरगा पहिल्या बाकावर गिटार वाजवतो. मैत्रिणींनी हा प्रश्न विचारला तर उत्तर देऊ नको, मान्य कर.

झरी जामणीकडच्या कुमारी मातांचं तुला माहीत असेल, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. कोलाम, गोंड पोरी, बाहेरचा ठेकेदार नाहीतर कामावरचा माणूस लग्नाचं बोलून राहतो आणि पळतो, पोरगी मूल घेऊन मागं राहते. कित्येक वर्षं पेपरात येतंय. या पोरींनी लेकरं पाडली नाहीत बघ, जन्म दिला, वाढवली, कुडाच्या घरात. आपण ज्याला जीवनाच्या बाजूनं असणं म्हणतो ते कोणतंही वचन न वाचता त्यांनी केलं. आणि आपल्या यवतमाळच्या किती ख्रिस्ती घरांनी तिकडं एक पोतं ज्वारी नेली? मी स्वतः दोनदा गेले, फक्त दोनदा, एसटी नीट नाही हे कारण सांगून थांबले.

अवघड केसेस राहिल्या. मायचा जीव जात असेल तर मला काही विचारायचं नसतं. नळीतला गर्भ, पाणी जाऊन झालेलं इन्फेक्शन, फिट्स थांबत नाहीत, तिथं गर्भाशय रिकामं करणं म्हणजे मायला वाचवणं आहे, आणि माय गेली तर लेकरूही जाणारच असतं. सविता हलप्पनवार आठव, आपल्या बेळगावकडची डेंटिस्ट, आयर्लंडमध्ये २८ ऑक्टोबर २०१२ ला गेली, १७ आठवडे, गर्भ टिकणार नाही हे कळलेलं होतं तरी ठोके आहेत म्हणून थांबले आणि इन्फेक्शन रक्तात पसरलं. २०१८ ला तिथल्या ६६ टक्के लोकांनी गर्भपात रोखणारं ते घटनेचं कलमच काढून टाकलं. मला ते कलम गेल्याचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की आपल्या बाजूच्या लोकांना तेव्हा साधं नर्सिंगचं गणित जमलं नाही.

अल्पवयीन पोरगी असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागतो, पोलिसांना कळवावं लागतं, सही पालकाची चालते, म्हणजे पोरीला परत कोणी विचारत नाही. मी अशा एका केसमध्ये होते, तेरा-चौदाची होती, फार लिहीत नाही. पोटातल्याचा दोष नव्हता हे मी तेव्हाही मानत होते आणि तरी तिच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. वाटीत वरणभात कालवून दिला, ती खात होती आणि टीव्ही बघत होती. अत्याचार झालेल्यांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा फॉर्म भरून दिला.

आणि सिकलसेल, तो रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या विदर्भात हे बाकीच्या राज्यापेक्षा जास्त, म्हणून पुण्या-मुंबईच्या वादात याचं नाव नसतं पण तुझ्या ड्युटीवर हे येणारच. नवरा-बायको दोघं एएस, म्हणजे नुसते वाहक असले की दर खेपेला चारात एक शक्यता की बाळ एसएस, म्हणजे आजार असलेलं, आणि गरोदरपणातच टेस्ट करून कळतं, मग "ठेवायचं का" विचारतात. जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं. लग्नाआधी रक्त तपासा हे मी पण ओरडून सांगते. पण एसएस असलेली माणसं मी पाहिलीत, हायड्रॉक्सियुरियाचं औषध घेऊन कॉलेज करणारी, दोन लेकरांची माय झालेली, आणि थंडीत अंगदुखीनं रात्रभर ओरडणारं सात वर्षांचं पोरगं पण पाहिलंय. त्या पोराच्या मायला दुसऱ्यांदा दिवस गेले, टेस्ट एसएस आली. मी म्हटलं ठेव, मी आहे. ती म्हणाली, "तुमी हाव, पण रात्री तो कान्हते तवा तुमी नसता जी." तिनं पाडलं. माझं मत बदललं नाही, आणि तिचं वाक्यही माझ्याकडून खोडलं जात नाही. ती परत आल्यावर पाच दिवस डबा मी नेला. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तुमच्या देवाले राग आला असन का. मी म्हटलं, राग आला असता तर डबा घेऊन मला पाठवलं नसतं. आमच्या पाळकांना हे पटलं नव्हतं.

तुझ्या ड्युटीचं सांगते. बायबलमधल्या मिसरातल्या त्या दोन सुईणी, शिप्रा आणि पुवा, जन्मलेले इब्री मुलगे मारायचा फारोचा हुकूम त्यांनी मोडला, ते मला आवडतं, पण त्यांनी पेशंट सोडून पळ काढला नव्हता. आपल्या कायद्यात नर्सला "माझं मन मानत नाही" म्हणायला वेगळं कलम नाही, म्हणून ऐन वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये तोंड फिरवायचं नाही, पोस्टिंग लागायच्या आधी इन्चार्ज सिस्टरला शांतपणे सांगायचं, बदल्यात दुसरी कोणती जड ड्युटी घ्यायची, रात्रीची लेबर रूम घे, कोणी नाही म्हणत नाही. पण पाडून आलेल्या बाईची सेवा कधी नाकारायची नाही. पॅड मोज, तासाला दोन भिजत असतील आणि दुसऱ्या तासालाही तसंच असेल तर वाट न बघता डॉक्टरला उठव. ताप बघ. नाव विचारून नावानं हाक मार.

आणि ज्या दिवशी पाडायच्या आधीची कोणी येईल, सोबत सासू, भाऊ, मावशी कोणीतरी असेलच, तिच्या वतीनं तेच बोलत असतील. त्यांना बाहेरच्या बाकावर बसव, चहा सांग, केसपेपरला आधार कार्ड लागेल म्हण, काहीही म्हण. मग दार लोटून घे आणि पोट्टीला एकटीला विचार.